हॉट रॉडला मूळ प्रत नसते

प्लास्टिकची मॉडेल किट्स बांधणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला ‘डब्यात आलं तसं’वाल्यांचा. भाग कापा, चिकटवा, रंगवा, कपाटात ठेवा, पुढचा डबा उघडा. दुसरा ‘सगळं चुकलंय’वाल्यांचा. हे लोक डबा उघडल्यावर चिकटवायचं द्रव्य नाही, व्हर्नियर काढतात. मग टप दीड मिलिमीटर उंच आहे, दाराची रेघ पुढे सरकली आहे, चाकं लहान आहेत अशी यादी होते. यादी इतकी सुंदर होते की मॉडेल बांधायची गरजच उरत नाही! दोन्ही पंथ एकमेकांना कमी लेखतात, हे वेगळं सांगायला नको.

विमानं, रणगाडे, कारखान्यातून निघालेल्या गाड्या यांच्या बाबतीत हे भांडण मला कळतं. तिथे एक मूळ प्रत असते. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच. ज्या स्केलमध्ये मॉडेल असेल त्या आकड्याने भागा आणि पट्टी लावा. जुळलं तर बरोबर, नाही तर चूक. आमच्या धंद्यात याला स्पेक म्हणतात. स्पेकशी जुळत नाही तो बग. विषय संपला.

पण किट हॉट रॉडचं असेल तर? तर मात्र प्रश्न वाकडा होतो. कारण हॉट रॉड म्हणजेच कुणीतरी कारखान्याच्या स्पेकवर मारलेली काट. जी गाडी मुळातच ‘फोर्डचं चुकलं होतं, मी दुरुस्त केलं’ असं ओरडत रस्त्यावर येते, तिच्या मॉडेलमधली चूक कुठली आणि दुरुस्ती कुठली? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे: हॉट रॉडला मूळ प्रत नसते, पण तारीख असते. दुरुस्त्या करायच्याच असतील तर त्या तारखेला धरून करा. बाकीचं सोडा.

आता सविस्तर.

थोडा इतिहास, फार नाही

१९३२ साली हेन्री फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन घातलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. हे फ्लॅटहेड इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच आणि वर सपाट झाकणासारखं हेड. आज ६५ अश्वशक्ती ऐकून हसू येईल, पण तेव्हा सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडर ही चैन होती. त्याच गाडीला ‘ड्यूस’ म्हणतात, ३२ मधल्या दोनावरून.

पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात पोरांनी या जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेतल्या, मडगार्ड काढून फेकले, वजन कमी केलं आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर पळवल्या. या शर्यतींची एससीटीए ही संघटना १९३७ सालची. मग महायुद्ध झालं. लष्करात यंत्रं दुरुस्त करायला शिकलेली हजारो मुलं खिशात थोडे पैसे घेऊन परत आली आणि या प्रकाराचं खूळ झालं. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं.

ड्यूसचीच एवढी चलती का? एक साधं कारण सांगतो, कारण ते मॉडेलवाल्याच्याही कामाचं आहे. मडगार्ड काढल्यावर बहुतेक गाड्यांची चासी उघडीबोडकी, ओबडधोबड दिसते. १९३२ च्या फोर्डची चासी बाहेरून दिसणारच होती, म्हणून तिच्या बाजूच्या पट्टीवर फोर्डने छान उठावदार रेघ दिली होती. मडगार्ड गेले तरी गाडी पूर्ण दिसते. बॉडी चासीच्या वर तशीच ठेवली की तो ‘हायबॉय’, आणि बॉडी कापून चासीभोवती खाली उतरवली की ‘चॅनेल’ केलेली गाडी. किटमध्ये ही चासीवरची रेघ पुसट आली असेल तर तिथे वेळ घालवणं सार्थ आहे. हायबॉयमध्ये नजर आधी तिथेच जाते.

चुकांचे ढीग

सध्या माझ्या टेबलावर १/२५ स्केलचं १९३२ फोर्डचं फाइव्ह-विंडो कूपे आहे. (दारांच्या दोन, त्यामागच्या दोन आणि पाठीमागची एक अशा पाच काचा. पुढची काच मोजत नाहीत. थ्री-विंडोमध्ये दारामागच्या दोन नसतात.) किट कुठल्या कंपनीचं ते महत्त्वाचं नाही. त्यात खटकणाऱ्या गोष्टी लिहून काढल्या तर त्यांचे चार ढीग झाले. मला वाटतं कुठल्याही हॉट रॉड किटचे हेच चार ढीग होतील.

पहिला ढीग साच्याचा. पॉलिस्टायरीन वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात, थंड झाल्यावर पिना ढकलून भाग बाहेर काढतात. जिथे प्लास्टिक जाड तिथे ते आकसतं आणि खळगा पडतो. पिना जिथे टेकतात तिथे गोल ठसे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे शिवण. आणि भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना थोडा उतार द्यावा लागतो. बॉनेटच्या बाजूच्या झडपा किटमध्ये पुसट, मेणासारख्या का दिसतात? कारण साचा ज्या दिशेने उघडतो त्याच्या आड येणारी खोल खाच साध्या साच्यात काढताच येत नाही. यात कुणाचा आळस नाही, प्रक्रियेची मर्यादा आहे.

हा ढीग वादाचा नाही. शिवणी घासा, खळगे लांबी भरून पॉलिश पेपरने सपाट करा. छोट्या खळग्याला फेविक्विक आणि चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. दगडासारखा घट्ट होतो, फक्त लगेच घासावा, दुसऱ्या दिवसापर्यंत तो आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होऊन बसतो. आणि कडा आतून पातळ करा. १ मिमी जाडीची प्लास्टिकची भिंत म्हणजे प्रत्यक्षात २५ मिमी जाडीचा पत्रा! एवढा जाड पत्रा रणगाड्याला शोभतो. भिंत सगळी पातळ करायची गरज नाही, जिथे कड दिसते तिथेच आतून तिरकी खरवडली की डोळा फसतो. माझ्या मते पंधरा छोट्या दुरुस्त्यांपेक्षा ही एक जास्त परिणाम करते.

दुसरा ढीग फोर्डचा. गाडी कितीही कापलेली असली तरी जो भाग कापला नाही तो कारखान्याचा असतो, आणि तिथे मूळ प्रत लागू होते. १९३२ च्या फोर्डच्या दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १०६ इंच. २५ ने भागलं की १०७.७ मिमी. हीच गाडी १/२४ मध्ये ११२.२ मिमी होते. साडेचार मिलिमीटरचा फरक, म्हणजे एका स्केलची बॉडी दुसऱ्याच्या चासीवर बसवायला निघालेल्याने आधी भागाकार करावा. (१/२४ चं मूळ सोपं आहे, एका फुटाला अर्धा इंच.) १/२५ चा एक फायदा मात्र जबरदस्त आहे: १ मिमी म्हणजे जवळजवळ बरोबर एक इंच. तोंडी हिशोब होतो.

इथे एक सापळा आहे तो म्हणजे फोटो. बहुतेक लोक मॉडेल फोटोशेजारी धरतात आणि ‘टप चुकलाय’ म्हणून जाहीर करतात. जवळून, रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या फोटोत गाडीचं जवळचं टोक फुगतं आणि लांबचं आटतं. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा असाच रुंद असतो. माप काढायचंच असेल तर लांबून, झूम करून, बरोबर काटकोनात बाजूने काढलेला फोटो घ्या. व्हीलबेस ठाऊक आहे, तोच पट्टी म्हणून वापरा आणि बाकीच्या गोष्टी त्याच्या प्रमाणात मोजा. मॉडेलचाही फोटो तसाच लांबून काढा आणि मग तुलना करा. असं केल्यावर निम्म्या ‘चुका’ गायब होतात, हा माझा अनुभव.

आणि काही चुका तर मुळात चुका नसतातच. आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, स्वतः सुरेख विमानं बांधतात. त्यांनी माझं इंजिन हातात घेतलं आणि म्हणाले, “अरे, बाजूला चार सिलिंडर आणि एक्झॉस्टचे पाइप तीनच? एक वाढव.” म्हटलं, “नाही सर, फ्लॅटहेड असंच असतं. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर ब्लॉकमध्येच एकत्र येतो, बाहेर तीनच भोकं.” त्यांना पटेना, मग खऱ्या इंजिनाचा फोटो दाखवावा लागला. ज्याला आधुनिक इंजिन माहीत आहे त्याला बरोबर गोष्ट चुकीची वाटणार, हे स्वाभाविक आहे. जुन्या कोडमधली विचित्र ओळ काढून टाकणाऱ्या नव्या मुलासारखंच हे. ती ओळ तिथे का आहे ते आधी शोधावं, मग हात लावावा.

तिसरा ढीग: तारखेचा

हा माझा आवडता ढीग, आणि याच्याकडेच दोन्ही पंथांचं दुर्लक्ष होतं.

हॉट रॉड भंगारातून जमवलेल्या भागांची बनते. म्हणजे तिच्यातला सगळ्यात नवा भाग ज्या वर्षाचा, त्याच्या आधी ती गाडी अस्तित्वात असू शकत नाही. किट बनवणाऱ्या कंपनीला मात्र एकाच साच्यातून अनेक गिऱ्हाइकं सांभाळायची असतात. त्यामुळे डब्यात १९४० च्या दशकातले भाग आणि १९८० च्या दशकातले भाग सुखाने नांदत असतात, आणि माहितीपत्रक सांगतं तसं जोडत गेलं की एक अशी गाडी तयार होते जी कुठल्याच वर्षी कुणीच बांधली नसती.

उदाहरणार्थ मी ठरवलं की माझं कूपे १९४९ सालचं. युद्धावरून परत आलेल्या, गॅरेजमध्ये नोकरी करणाऱ्या एका मुलाचं. एवढं एक वाक्य लिहिलं आणि बघा किती प्रश्न आपोआप सुटतात.

इंजिन? शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ हॉट रॉडवाल्यांचं लाडकं, पण ते १९५५ च्या मॉडेलांबरोबर आलं. बाद. क्रायस्लरचं हेमी १९५१ चं. तेही बाद. कॅडिलॅकचं नवं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन १९४९ चंच, पण गॅरेजमधल्या पोराला त्याच वर्षी ते कुठून परवडणार? म्हणून फ्लॅटहेडच, पण १९३२ चं नव्हे. मर्क्युरी गाडीचं २३९ घनइंची. ते १९३९ पासून होतं, दहा वर्षांत भंगारात भरपूर आलेलं असणार. इथे आणखी एक बारकावा. १९४९ पासूनच्या फ्लॅटहेडमध्ये डिस्ट्रिब्यूटर पुढच्या कोपऱ्यात उभा असतो, आधीच्या इंजिनांत तो समोर मध्यभागी बसतो. किटमधलं इंजिन नव्या पद्धतीचं होतं. सिलिंडर हेडवरचे पाण्याचे नळही बदलले होते, ते धरून एका संध्याकाळीचं काम.

कार्ब्युरेटर? स्ट्रॉमबर्ग ९७, दोन. हा ९७ म्हणजे त्याच्या ०.९७ इंची व्हेंच्युरीवरून, आणि तो १९३६ पासून फोर्डवर यायला लागला. दोन कार्ब्युरेटर बसवायला खास मॅनिफोल्ड लागतो. व्हिक एडलब्रॉकने असा मॅनिफोल्ड १९३० च्या दशकाअखेरीसच बनवला होता. तेव्हा चालेल.

ब्रेक? फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली दिले, आणि रॉडवाल्यांनी ते आनंदाने उचलले. मागचे थेंबाच्या आकाराचे दिवेही १९३९ च्याच फोर्डचे. डिस्क ब्रेक मात्र डब्यातच राहू देत. किटमधलं पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन मस्टँग-२ च्या धर्तीचं आहे, आणि ती गाडीच १९७४ मॉडेल वर्षाची. त्याजागी आडवा पाटा आणि खाली वाकवलेला, म्हणजे ‘ड्रॉप’ केलेला ॲक्सल. चार इंचाचा ड्रॉप म्हणजे मॉडेलवर ४ मिमी.

आणि सगळ्यात छोटा, सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारा भाग: अल्टरनेटर. अमेरिकन गाड्यांत तो १९६० नंतर रूढ झाला. १९४९ च्या गाडीत डायनामो हवा. अल्टरनेटर जाडजूड, आखूड, जाळीचा. डायनामो लांबट, साधा दंडगोल. ४-५ मिमी व्यासाची प्लास्टिकची काडी ८-९ मिमी कापली की झाला. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि गाडी एकदम दहा-पंधरा वर्षांनी मागे जाते!

टायरचंही तसंच. रबराची बारीक पट्टी असलेले रेडियल अमेरिकेत १९७० च्या दशकात सर्रास झाले. १९४९ मध्ये उंच, गोलसर टायर, पुढे लहान आणि मागे मोठे. मिश्रधातूच्या ठोकळ्यातून कापलेली चकचकीत चाकं बॉइड कॉडिंग्टनच्या नावाशी जोडली जातात, ती १९८० च्या दशकातली. पोलादी, रंगवलेली चाकं हवीत. आणि क्रोम? किटमधलं क्रोम म्हणजे प्लास्टिकवर लाखेचा थर आणि त्यावर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा. घरातल्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की उतरतो. (हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.) गॅरेजमधल्या पोराकडे क्रोमला पैसे नसतात. दोन-तीन भागांवर ठेवायचं, बाकी रंगवायचं.

हे सगळं करताना मी ‘मूळ गाडी’ शोधत नव्हतो, कारण ती नाहीच. मी फक्त एका तारखेशी प्रामाणिक राहिलो.

चौथा ढीग: हा आवडीचा, याला चूक म्हणू नका

टप किती कापायचा, रंग कुठला, नाक किती खाली झुकलेलं, मडगार्ड ठेवायचे की नाही. यात बरोबर-चूक नसतं. ‘एवढा टप कुणी कापत नाही’ म्हणणाऱ्याला विचारावं, कुणी म्हणजे कोण?

टप कापणं, म्हणजे ‘चॉप’, ही हॉट रॉडची सही. खिडक्यांच्या उंचीतून काही इंचांचा पट्टा काढून टाकायचा आणि टप परत खाली बसवायचा. मी तीन इंच ठरवले, म्हणजे ३ मिमी. आमच्या आईने हे बघितलं आणि म्हणाली, “अरे, कापायचंच होतं तर आख्खं कशाला आणलंस?” हॉट रॉडिंगवर याहून चांगली टीका मी वाचलेली नाही. :-)

गंमत अशी की चॉप आवडीचा विषय असला तरी भूमिती आवडीने चालत नाही. पुढचे खांब वर जाताना मागे कललेले असतात, मागचा पत्रा पुढे. मधला पट्टा काढला की वरचा तुकडा खालच्यापेक्षा आखूड पडतो आणि खांब एकमेकांवर बसत नाहीत. मग एक तर खांब आणखी कलवा, नाही तर टप मधोमध आडवा कापून लांबवा. खऱ्या गॅरेजमध्येही नेमकी हीच डोकेदुखी. १९३२ चं फाइव्ह-विंडो त्यातल्या त्यात सरळ, म्हणून सुरुवातीला बरं. करवतीच्या पात्याची जाडीही धरायला हवी: ०.३ मिमीचं पातं म्हणजे खऱ्या मापात ७-८ मिमी, आणि काप दोन. आधी चिकटपट्टीने दोन्ही रेघा आखून घ्यायच्या आणि रेघेच्या आतून कापायचं. राहिलेलं घासून काढता येतं. गेलेलं परत येत नाही.

प्रसिद्ध गाड्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, काही हॉट रॉड तर प्रसिद्ध आहेत, त्यांची मूळ प्रत आहेच की. बरोबर. ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) मधलं मिलनरचं पिवळं फाइव्ह-विंडो बनवायचं ठरवलंत, तर ते पिवळंच हवं, त्यात शेवरोलेचंच इंजिन हवं. तिथे तुम्ही स्वतःहून स्पेक गोठवलंत, आता मोजमापाचा आग्रह रास्त आहे. पण तिथेही तारीख सुटत नाही. त्या सिनेमातली गोष्ट १९६२ ची आणि चित्रीकरण १९७२ चं. तुमची गाडी गोष्टीतली की सेटवरची? ओकलंडच्या रोडस्टर शोमध्ये १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षं मोठं बक्षीस मिळवणारी ‘आला कार्ट’ घ्या. अशा गाड्यांवर मालक सतत हात फिरवत असतात. ‘आला कार्ट’ म्हणून भागत नाही, कुठल्या वर्षीची ते सांगावं लागतं.

आणि ज्याला मूळ प्रतीचा फारच अभिमान असेल त्याच्यासाठी ‘रेड बॅरन’. टॉम डॅनियलने ही गाडी मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी कागदावर कल्पिली, जर्मन शिरस्त्राणाच्या आकाराचा टप वगैरे. १९६८ साली किट आलं. ते इतकं गाजलं की मागाहून चक मिलरने तशी खरी, पूर्ण आकाराची गाडी बांधली. किटमध्ये मर्सिडीजचं जुनं विमानाचं इंजिन होतं, खऱ्या गाडीत पाँटिॲकचं सहा सिलिंडरचं बसवलं. आता सांगा, किट चुकलंय की गाडी?

एएमटी कंपनीने १९५८ साली ‘थ्री-इन-वन’ किट्स आणली: एकाच डब्यातून कारखान्यातली गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, तुम्हीच निवडा. डब्यावरच कबुली की योग्य उत्तर एक नाही. किट दुरुस्त करण्याला जे ‘अति’ म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. निवड आणि बदल या छंदाच्या मुळातच आहेत.

मग एवढं भांडण कशासाठी?

कारण यात खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. माझ्या ओळखीत असे तीन-चार जण आहेत ज्यांच्याकडे डब्यांची चळत आहे आणि पूर्ण झालेलं मॉडेल गेल्या चार वर्षांत एकही नाही. हुशार माणसं, हातात कसब आहे. पण ‘चुकीचं’ बांधायची त्यांना भीती बसली आहे. आधी हा संदर्भ मिळू दे, मग तो सुटा भाग मागवू, मग सुरू करू. आयटीत आपण असे प्रोजेक्ट पाहिले आहेत: रिक्वायरमेंट दोनशे पानांची आणि रिलीज नाही. आणि उलट बाजूला, डब्यात आलं तसं जोडणारे लोक वर्षाला दहा मॉडेलं पूर्ण करतात, पण गाडी समजून घेण्यातली मजा त्यांना कधी भेटतच नाही.

साचेही अमर नसतात. रेवेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या. पुढे त्यांची मालक असलेली हॉबिको कंपनी जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, रेवेल जर्मन गुंतवणूकदारांकडे गेली आणि बरेच जुने साचे अटलांटिस नावाच्या छोट्या कंपनीने घेतले. नवं पोलादी साचं करणं प्रचंड महाग. ‘याहून अचूक किट येईल तेव्हा बांधू’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. जे हातात आहे तेच कच्चा माल. त्या कॅलिफोर्नियातल्या पोरांनीही नेमकं हेच केलं होतं.

‘पण पुण्यात बसून अमेरिकेतल्या गाड्यांचं एवढं कौतुक कशाला?’ असाही प्रश्न येतो. याचं एक व्यवहारी उत्तर आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. रस्त्यावरच्या सुरक्षेचा विचार करता त्यात अर्थ आहे. आपल्या रस्त्यांवर टप कापलेल्या, ब्रेकची हमी नसलेल्या गाड्या मलाही नको आहेत. पण ‘ही वस्तू जशी दिली तशीच मी का घ्यावी?’ हा प्रश्न विचारण्याची खाज इंजिनिअरला असतेच. ती भागवायला २५ पटीने लहान गाडी बरी. आरटीओ विचारत नाही.

(जाता जाता: रंगाचं काम जुलै-ऑगस्टात काढू नका. लॅकर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळ्या रंगावर पांढुरका धूर आल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात कापाकापी करावी, रंग दिवाळीच्या सुमारास.)

तर माझा नियम थोडक्यात असा. डबा उघडल्यावर आधी एक वाक्य लिहा: कुठली गाडी, कुठलं वर्ष, कुणाची. ते वाक्य टेबलासमोर चिकटवा. साच्याचे दोष सगळे काढा, त्यात सवलत नाही. फोर्डची मापं व्हीलबेसला धरून तपासा, आणि मॉडेल हातभर लांब धरल्यावर जे दिसत नाही ते सोडून द्या. तारखेची चूक मात्र कितीही छोटी असली तरी सुधारा, कारण ती डोळ्याला नव्हे, गोष्टीला खटकते. आणि आवडीच्या ढिगात कुणालाही, विशेषतः दुसऱ्या पंथाला, मत देऊ देऊ नका. ‘तुमचा टप फार कापलाय’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगायचं: हो, १९४९ साली त्या पोराला तसाच हवा होता.